वजन कुणाच्या खांद्यावर?

बरेच दिवस हा विषय मनात घोळत होता. घरात यावरून दोनदा कडाक्याचे वाद झाले. शेवटी सून म्हणाली, "आई, तुम्ही लिहूनच टाका, म्हणजे जेवणं तरी शांतपणे होतील." म्हणून लिहायला बसले आहे. नातेवाईक मंडळीही हे वाचतात याची कल्पना आहे. ज्याला लागायचं त्याला खुशाल लागो.

तर झालं असं. आमचा नातू पुढच्या महिन्यात मित्रांबरोबर पुन्हा डोंगरात निघाला आहे. रतनगड चढायचा आणि तिथून कात्राबाईच्या खिंडीतून हरिश्चंद्रगडाकडे जायचं. पाठीवर सॅक, तीन दिवसांची भटकंती. मला कोण आनंद झाला! मी माळ्यावरून माझी जुनी सॅक काढायला लावली आणि त्यातल्या कामाच्या वस्तू त्याच्यापुढे मांडल्या. होकायंत्र, शिट्टी, डोक्याला बांधायची बॅटरी, चावीचं एचएमटी घड्याळ, वहीत डकवलेल्या नकाशांच्या झेरॉक्स.

त्याने सगळं कौतुकाने पाहिलं. (पोरगा गुणी आहे, उगाच कुणाचा गैरसमज नको.) मग खिशातून मोबाईल काढून त्या वस्तूंच्या शेजारी ठेवला आणि म्हणाला, "आजी, यातलं सगळं यात आहे. बॅटरी हीच, नकाशा हाच, होकायंत्र, घड्याळ, कॅमेरा, डायरी, पुस्तकं. पक्ष्याचा आवाज ऐकवला तर पक्ष्याचं नावसुद्धा सांगतो. दोनशे ग्रॅममध्ये दहा वस्तू! वजन किती वाचतं बघ ना."

माझं म्हणणं एवढंच आहे की वजन वाचत नाही. ते दुसऱ्या कुणाच्या तरी खांद्यावर जाऊन बसतं. कुणाच्या, ते सांगते.

गेल्या वर्षी नोव्हेंबरात हाच मुलगा दोन मित्रांना घेऊन राजगड-तोरणा करायला गेला होता. ज्यांनी हा ट्रेक केला आहे त्यांना वाट ठाऊक असेल. पहाटे गुंजवण्यातून राजगड चढायचा, संजीवनी माचीवरच्या अळू दरवाजातून बाहेर पडायचं, धारेधारेने तोरण्याकडे चालत राहायचं, बुधला माचीवरून गडात शिरायचं आणि वेल्ह्यात उतरायचं. दिवस मोठा असतो आणि पाय दुखतात, पण सुरेख वाट आहे. तिघांकडे तीन फोन आणि एक पॉवर बँक. दुसरी बॅटरी एकाकडेही नाही.

राजगडावर फोटो काढण्यात दोन तास गेले. एका फोनवर दिवसभर नकाशा चालू, दुसऱ्यावर व्हिडिओ, तिसऱ्यावर गाणी. दुपारी तीनला पहिला फोन झोपला. तेव्हा पॉवर बँक काढली, तर ती भरलेली होती, पण वायरची पिन सॅकमध्ये दबून वाकलेली! नोव्हेंबरात सहाला सूर्य मावळतो. सव्वासहाला हे तिघे तोरण्याच्या अलीकडे धारेवर, कमरेएवढ्या वाळलेल्या गवतात, आणि हातात एक फोन, तोही सात टक्क्यांवर. त्या सात टक्क्यांत नकाशा बघायचा की उजेड पाडायचा, की घरी फोन करायचा? तिन्ही थोडं थोडं केलं आणि वीस मिनिटांत तोही गेला.

धारेवर धनगरांची घरं आहेत. ह्यांच्या हाका ऐकून एक मामा आले आणि तिघांना घरी घेऊन गेले. पिठलं-भाकरी खाऊ घातली, घोंगड्या दिल्या, सकाळी वाटेला लावून दिलं. पैसे घेतले नाहीत.

आता दोन गोष्टी नीट ऐका. पहिली म्हणजे, मामांकडेही मोबाईल होता. बटणांचा, आणि त्यालाही पुढे दिवा असतोच. तरी ते अंधारात बाहेर पडले ते हातात वेगळी बॅटरी घेऊन! ज्या माणसाचा जन्म त्या धारेवर गेला, ज्याला तिथला दगड न् दगड माहीत, तो फोनचा दिवा पुरेल असं धरून चालला नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त लागली. मामा म्हणाले, घरी कळवा, वरच्या टेपाडावर रेंज मिळते, आणि आपला फोन पुढे केला. तर तिघांपैकी एकालाही आपल्या आईचा किंवा बापाचा नंबर पाठ नव्हता. तिघेही इंजिनिअरिंगला! सगळे नंबर फोनमध्ये आणि फोन झोपलेला. इकडे माझी सून रात्रभर खिडकीत बसून होती. पहाटे चारला मुलगा गाडी काढून वेल्ह्याला निघाला. दुसऱ्या दिवशी दहा वाजता फोन आला, "सगळे मजेत आहोत, भारी अनुभव आला!"

भारी म्हणजे किती भारी, ते सुनेला विचारा.

म्हणून म्हणते, सॅकमधून बॅटरी काढली तर तिचं ओझं त्या मामांनी उचललं. नंबर लिहिलेला कागद काढला, त्याचं ओझं सुनेने रात्रभर वाहिलं. त्या रात्री मामा भेटले नसते तर आणखी कुणी उचललं असतं. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांची मुलं अशा हाकांना धावून जातात. ती पगारी नोकर नाहीत. आपापली कामं टाकून, रात्री-अपरात्री, भर पावसात दोर घेऊन निघतात. कड्यावरून खरोखर पडलेल्या माणसासाठी त्यांनी यावं. "फोन डिस्चार्ज झाला" म्हणून त्यांना बोलावणं मला शरमेचं वाटतं.

आता वजनाचा हिशोबही करून टाकू. भूगोलाची मास्तरीण आहे, तोंडी बोलण्यावर भागत नाही. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकेक वस्तू ठेवून पाहिली. डोक्याची बॅटरी सेलसकट ९० ग्रॅम, शिट्टी १०, होकायंत्र ३०, घड्याळ ४०, नकाशाचे कागद आणि पेन्सिल २०, काडेपेटी १०. झाले २०० ग्रॅम. आणि फोन जिवंत राहावा म्हणून नेलेली ती पॉवर बँक? सव्वादोनशे! म्हणजे दहा वस्तूंचं ओझं नको म्हणून एक वस्तू घेतली आणि त्या एका वस्तूला पोसायला दहा वस्तूंइतकंच ओझं पुन्हा पाठीवर घेतलं.

त्या पॉवर बँकेचाही एक भ्रम आहे. तिच्यावर दहा हजार लिहिलेलं असतं, फोनची बॅटरी पाच हजारांची, म्हणजे फोन दोनदा भरणार असा सरळ भागाकार मुलं करतात. तसं होत नाही. दहा हजार हा आकडा आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टवरचा असतो, बाहेर देताना तो ५ व्होल्टवर न्यावा लागतो, आणि या उलाढालीत काही भाग उष्णता होऊन जातो. प्रत्यक्षात फोन सव्वा वेळा भरला तरी चांगलं. थंडीत बॅटरी आणखी लवकर मान टाकते. डिसेंबरात कळसूबाईच्या परिसरात रात्र काढलेल्यांना हे सांगायला नको.

पावसाळ्याचं तर बोलायलाच नको. आपल्याकडे चार महिने डोंगर पाण्यात असतात आणि मुलांना नेमकं तेव्हाच जायचं असतं. काचेवर थेंब पडले की ते बोट समजून फोन स्वतःच काहीतरी उघडतो. ओलं बोट लावलं तर दाद देत नाही. चार्जिंगच्या भोकात ओल गेली की बरेच फोन चार्ज व्हायलाच नकार देतात. बरं, शिडी चढताना काय करणार? रतनगडाला लोखंडी शिड्या आहेत, कळसूबाईलाही आहेत. अंधारात उतरायची वेळ आली तर दोन्ही हात शिडीला हवेत. मग फोन काय दातात धरायचा?

"पण आजी, जीपीएसला रेंज लागत नाही," हे त्याचं हुकमी उत्तर. अगदी बरोबर आहे. नकाशा आधी उतरवून घेतला असेल तर रेंजशिवायही फोन आपली जागा दाखवतो, एअरप्लेन मोडमध्येसुद्धा. पण त्याचा अर्थ घरच्यांनी आणि मुलांनीही नीट समजून घेतलेला नाही, असं माझ्या लक्षात आलं आहे. उपग्रह बोलतात आणि फोन ऐकतो, एवढाच तो व्यवहार. चार उपग्रहांचं ऐकून तो आपली जागा काढतो. पण फोन त्या उपग्रहांना उलट काही सांगू शकत नाही. म्हणजे तुम्ही कुठे आहात हे तुम्हाला कळतं, जगाला कळत नाही! जगाला कळायला रेंजच लागते. सून त्या रात्री सारखी म्हणत होती, "अहो, जीपीएस आहे ना त्याच्याकडे, मग शोधता कसं येत नाही?" तिचा काय दोष? तिला कुणी सांगितलंच नव्हतं. उपग्रहावरून मदतीचा संदेश पाठवणारे फोन २०२२ पासून काही देशांत आले आहेत. पण आपल्याकडे सॅटेलाइट फोन सरकारी परवानगीशिवाय जवळ बाळगणंही बेकायदेशीर आहे, तेव्हा त्या भरवशावर सह्याद्रीत कुणी जाऊ नये.

शिवाय जागा कळली म्हणजे वाट कळली असं नाही. अरुंद नाळेत दोन्ही बाजूंना उभे कडे असले की आभाळाची एक पट्टी दिसते. उपग्रहांचे संदेश कड्यांवर आपटून येतात आणि नकाशावरचा निळा ठिपका इकडेतिकडे उड्या मारतो. कड्याच्या काठावर तेवढ्या फरकानेही घात होऊ शकतो. पावसाळ्यात दरडी येऊन वाट मोडलेली असते, ऑक्टोबरात गवताने बुजलेली असते. गेल्या उन्हाळ्यात कुणीतरी चालून नोंदवून ठेवलेली रेघ फोन इमानाने दाखवत राहतो. आणि मुख्य म्हणजे फोनला मळलेली वाट आणि ढोरवाट यांतला फरक कळत नाही. गुरं आपल्या चाऱ्याच्या मागे जातात, त्यांना तोरण्याला जायचं नसतं :-)

इथे मी माझीही एक चूक कबूल करते, नाहीतर "आमच्या वेळी सगळं कसं छान होतं" अशातला हा लेख होईल आणि तसले लेख मलाच आवडत नाहीत. १९८३ च्या डिसेंबरात आम्ही दोघी शिक्षिका नववीच्या वीस मुलींना घेऊन हरिश्चंद्रगडाला गेलो होतो. खिरेश्वरहून तोलार खिंडीतून. माझ्याकडे पुस्तक होतं, हाताने काढलेला नकाशा होता, होकायंत्रही होतं. गावातला एक जण वाटाड्या म्हणून यायला तयार होता, वीस रुपये म्हणाला. मी म्हटलं, नकाशा आहे की! शिवाय वर्गणीतले वीस रुपये वाचले. खिंड चढून वर गेल्यावर एकासारख्या एक टेकड्या लागतात आणि तिथेच लोक चुकतात, आजही चुकतात. मी छानपैकी एका ढोरवाटेला लागले आणि वीस मुलींना कारवीच्या रानात नेऊन उभं केलं. एक मुलगी रडायला लागली, तिचं बघून आणखी चार. मोळ्या घेऊन निघालेल्या बायांनी आम्हाला बाहेर काढलं. त्यातली एक म्हणाली, "बाई, पोरींना घेऊन निघालाव आन् इचारलं न्हाई व्हय कुनाला?"

हे वाक्य मी चाळीस वर्षं विसरलेले नाही. तेव्हा माझ्या हातात मोबाईल नव्हता, कागदाचा नकाशा होता. पण चूक तीच होती. हातातल्या एका वस्तूला सगळं कळतं, आता कुणाला विचारायची गरज नाही, असं वाटणं. कागदाने मला फसवलं नव्हतं, माझ्या आगाऊपणाने फसवलं होतं. तेव्हा माझं भांडण त्या बिचाऱ्या फोनशी नाही. माझ्या वयाची मंडळी उठसूट मोबाईलला शिव्या घालतात, त्यांच्या पंगतीत मला बसवू नका. भारतीय सर्वेक्षण विभागाचा एक सेंटीमीटरला पाचशे मीटरचा नकाशा मिळवायला आम्हाला काय खटपटी कराव्या लागायच्या! आज तेवढी माहिती मुलाच्या खिशात आहे, याचा मला हेवाच वाटतो. एसटीच्या वेळापत्रकाचा फोटो, गावातल्या वाटेच्या फलकाचा फोटो, निघण्याआधी घरी पाठवलेला मार्ग, हे सगळं फोनने उत्तम होतं. ११२ हा नंबर आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कुठल्या कंपनीची असेल तर लागू शकतो, हेही मी त्याच्याकडूनच शिकले. फोन लागत नसेल तिथे कधीकधी साधा एसएमएस जातो, हेही.

फोन न्यावा. माझा आक्षेप दहा कामं एकाच बॅटरीवर टांगण्याला आहे. बैल कितीही दणकट असला तरी आपण दहा गाड्या एकाच बैलाला जुंपत नाही. फोन पडला, भिजला, संपला, की दहाच्या दहा वस्तू एका क्षणात जातात. माझं होकायंत्र हरवलं तर बॅटरी चालू राहते. बॅटरी गेली तरी शिट्टी वाजतेच.

यावर नातवाने एक मुद्दा मांडला, तो मला विचार करण्यासारखा वाटला. तो म्हणाला, "आजी, वस्तू जास्त झाल्या की विसरल्याही जातात. फोन कुणी विसरत नाही." खरं आहे, फोन विसरला जात नाही. पण फोन भरून ठेवायला विसरतात, नकाशा उतरवून घ्यायला विसरतात, वायर बघायला विसरतात, आणि आईचा नंबर तर कायमचाच विसरतात. विसरण्याच्या जागा कमी झालेल्या नाहीत, त्या फक्त दिसेनाशा झाल्या आहेत. सॅकमध्ये बॅटरी नाही हे हाताला लागतं. फोनमध्ये नकाशा उतरलेला नाही हे रेंज गेल्यावरच कळतं.

तिसरी गोष्ट वजनाच्या हिशोबात येतच नाही. पूर्वी गावात एसटीतून उतरलं की पाराशी थांबून वाट विचारावी लागायची. वर पाणी आहे का, कुठल्या टाक्यातलं पिण्याजोगं, कालच्या पावसाने ओढा वाढलाय का, कुठे मधमाश्यांची पोळी आहेत, हे सगळं त्या दोन मिनिटांत कळायचं. शिवाय चार मुली अमुक वाटेने वर गेल्यात हे गावाला ठाऊक असायचं. संध्याकाळपर्यंत त्या उतरल्या नाहीत तर कुणीतरी बघायला यायचं. आता मुलं गाडी लावतात, फोनकडे बघत घरांमधून सरळ चालू लागतात. गावाला ती दिसतात, पण कुठे निघाली ते कळत नाही. आणि अडल्यावर शेवटी त्याच गावातला माणूस बॅटरी घेऊन निघतो. जाताना ज्याला रामराम केला नाही, त्याच्या घरी रात्री भाकरी खायची, याची थोडी लाज वाटायला हवी. शक्य असेल तिथे गावातला वाटाड्या घ्यावा, त्याचे पैसे घासाघीस न करता द्यावेत. मी वीस रुपये वाचवले होते, त्याची किंमत वीस मुलींनी मोजली.

तर नातवाला आणि त्याच्या वयाच्या सगळ्यांना माझं सांगणं असं. फोन न्या, पण दिवसभर एअरप्लेन मोडमध्ये ठेवा. रेंज शोधण्यात तो सर्वात जास्त दमतो. तिघांपैकी एक फोन पूर्ण भरून, बंद करून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून सॅकच्या तळाशी ठेवा, त्याला गाण्यासाठी हात लावायचा नाही. उजेडासाठी प्रत्येकाची वेगळी बॅटरी, आणि जास्तीचे सेल. कागदावर वाटेचा नकाशा, घरचे दोन नंबर आणि पायथ्याच्या गावातल्या एखाद्याचा नंबर. रेंज नसतानाही फोन अक्षांश-रेखांश दाखवतो, मुक्कामाच्या जागी ते त्याच कागदावर टिपून ठेवा. दशांश चिन्हानंतर चार अंक लिहिले तरी दहा-बारा मीटरपर्यंत जागा सांगता येते. मदतीला येणाऱ्याला "मोठ्या झाडाजवळ आहोत" याहून ते उपयोगी पडेल. शिट्टीची खूण लक्षात ठेवा. मिनिटाला सहा वेळा वाजवायची, मग मिनिटभर थांबायचं, पुन्हा सहा. ओरडून घसा बसतो, शिट्टीला घसा नसतो. आणि आईचा नंबर पाठ करा. दहा आकडे आहेत. तुम्ही इंजिनिअर होणार आहात ना?

हे सगळं मी त्याला तोंडी सांगून झालं आहे. काल त्याची सॅक भरताना पाहिलं. बॅटरी घेतली आहे, सेलही घेतले आहेत. कागदावर नंबर लिहिले आहेत, अक्षर भयंकर आहे पण वाचता येतं. होकायंत्राला नको म्हणाला, बरं म्हटलं, फोनमधलं वापर. सह्याद्रीतल्या काळ्या पाषाणातच लोह असतं, कधीकधी माझंही होकायंत्र तिथे वेडं व्हायचं. शिट्टी मात्र नको म्हणतो. गळ्यात शिट्टी घालून पीटीच्या मास्तरांसारखं दिसतं म्हणे, मित्र हसतात.

आजचा आकार दुपारी तो कॉलेजला गेला होता, तेवढ्यात ती शिट्टी मी त्याच्या सॅकच्या पट्ट्याला आतल्या बाजूने दुहेरी दोऱ्याने शिवून टाकली आहे. दहा ग्रॅम आहे. हे वाचून कळेलच त्याला. उसवायची असेल तर उसव बाबा, पण आधी आईचा नंबर म्हणून दाखव.